सीआरपीएस: आईचा हात घेऊन सोलापूर ते पुणे

आईचं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, एक्स-रेत हाडही व्यवस्थित जुळलेलं दिसलं. दुखणं मात्र प्लास्टर काढल्यावर वाढलं. हात सुजून लाल व्हायचा, थोड्या वेळाने गार आणि निळसर. पदर नुसता घासला तरी कळवळायची. विड्या वळणं बंदच पडलं. सूप मांडीवर घ्यायची नि तसंच खाली ठेवायची. एका दवाखान्यात 'मनाचे खेळ' म्हणून बोळवण झाली. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने दोन्ही हात शेजारी ठेवून उलट्या हाताने गार-गरम तपासलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: सीआरपीएस?

म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम: दुखापत भरून आल्यावरही त्या हातात किंवा पायात टिकून राहणारं, वाढत जाणारं दुखणं. हे सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी नाही. २००३ साली बुडापेस्टच्या बैठकीत ठरलेल्या निकषांवर, हात पाहून आणि बाकीची कारणं बाजूला सारून निदान होतं. त्यामुळे हा आजार आधी पाहिलेला डॉक्टर गाठणं हेच निम्मं काम. आणखी एका हाडांच्या डॉक्टरकडे जाण्याऐवजी पेन मेडिसिन, म्हणजे दुखण्यावरचे उपचार, शिकलेले भूलतज्ज्ञ शोधा. मामा म्हणाला, "भूल देणारे दुखण्यावर काय करणार?" पण नसांचे ब्लॉक, म्हणजे नस सुन्न करून दुखणं थांबवणारी इंजेक्शनं, हे त्यांचंच काम. फोनवर सरळ विचारा: सीआरपीएसचे पेशंट बघता का? व्यायाम कोण शिकवणार? 'इंजेक्शन घेतलं की संपलं' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.

पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. रिझर्व्हेशन हवंच, गर्दीत हाताला धक्के बसतात. दुखरा हात खिडकीकडे येईल अशी जागा घ्या, पण हात गजाला टेकवू नका; गाडीची थरथर थेट हातात जाते. आम्ही मांडीवर उशी ठेवली होती. एसी डब्यात गार झोत लागतो, तो आईला अजिबात सोसला नसता.

पुण्याच्या पेन मेडिसिनवाल्या डॉक्टरबाईंनी आधी मोबाइलमधले हाताचे फोटो मागितले. ही खरी कामाची गोष्ट: सूज आणि रंग सतत बदलतात, तपासायच्या वेळी हात अगदी शहाण्यासारखा दिसतो. जुने एक्स-रे, गोळ्यांची यादी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला सोनोग्राफीत बघत मानेतल्या नसांच्या पुंजक्याजवळ इंजेक्शन, म्हणजे स्टेलेट गँग्लियन ब्लॉक, दिला. त्यानंतर त्या बाजूची पापणी खाली आली, आवाज बसला. मी घाबरलो, आई मात्र आरसा मागून बघत बसली. काही तासांत उतरतं, हे आधी सांगितलेलं असलं तरी बघताना पोटात गोळा येतो. म्हणून ब्लॉकच्या दिवशी त्याच संध्याकाळच्या हुतात्माचं परतीचं तिकीट काढू नका. आम्ही हडपसरला आत्याकडे राहिलो.

ब्लॉकने दुखणं काही काळ खाली आणलं, तेवढ्या काळात हात हलवून घ्यायचा असतो. घरी आरशासमोर चांगला हात हलवायचा आणि दुखरा आरशामागे ठेवायचा, हाही व्यायामच. आईला पहिल्यांदा हसू आलं, मग ती नेमाने करू लागली. आता दाराची कडी लावते. विड्या अजून नाहीत. बर्फ लावू नका, हात झोळीत बांधून ठेवू नका, जोराची मालिश तर नकोच.

आणि पुण्याहून निघताना सोलापूरच्या फिजिओसाठी चिठ्ठी लिहून घ्या, नाहीतर इथे पुन्हा 'काय झालंय?'पासून सुरुवात.