कोंदट हवेचं कोठार

कॉलनी सांभाळायच्या गेम्सचे व्हिडिओ बघा, सगळे शेती कशी लावायची तेच शिकवत बसलेले असतात. पण शेती हा प्रॉब्लेमच नसतो हो. पिकतं भरपूर. खरी बोंब असते ती पिकलेलं ठेवायचं कुठे याची, आणि हे कळेपर्यंत अर्धी वसाहत उपाशी फिरत असते आणि कोपऱ्यात कुजक्या अन्नाचे ढीग लागलेले असतात.

मी सध्या 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' खेळते. क्ले या कॅनेडियन कंपनीचा गेम, 2019 साली पूर्ण स्वरूपात आला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसं टाकतात, त्यांना म्हणायचं डुप्लिकंट, आम्ही सगळे डूपच म्हणतो. खणा, श्वासापुरती हवा बनवा, आणि प्रत्येकाला दिवसाला 1000 किलोकॅलरी खाऊ घाला. सुरुवातीला खायला काय, तर माती आणि पाणी कालवून केलेली वडी. नाहीतर एका झाडाला लागणारे किडे. आई भाजी निवडता निवडता स्क्रीनकडे बघत होती, तिला हे सांगितल्यावर म्हणाली, "अगं, किडे खातात ते ठीक आहे, पण उरलेले ठेवतात कशात?" बघा, गेम कधी हातात न धरलेल्या बाईने पहिल्याच फटक्यात मुद्द्यावर बोट ठेवलं.

तर ठेवतात कशात. फ्रीज आहे, पण नुसत्या फ्रीजने नासणं थांबत नाही, लांबतं. जुने खेळाडू काय करतात, तर वसाहतीच्या अगदी तळाला एक खड्डा खणतात आणि अन्न तिथे नेऊन ठेवतात. डूप दिवसभर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात तो जड असल्यामुळे सरकत सरकत खाली येतो आणि त्या खड्ड्यात साचतो. अशा हवेत अन्न फार सावकाश खराब होतं. त्यातच गारवा दिला, उणे 18 अंशांच्या खाली नेलं, तर मग नासतच नाही. म्हणजे त्यांचेच टाकलेले श्वास त्यांचं जेवण राखतात! फक्त जेवण आणायला खाली उतरताना बिचाऱ्यांना श्वास रोखून धरावा लागतो. गाल फुगवून जातात आणि वर येऊन धापा टाकतात, ते बघायला मजा येते.

मला हे डिझायनरच्या डोक्यातलं काहीतरी भन्नाट वाटलं होतं. आई म्हणाली, हे तर पेव. तिचं माहेर सांगलीकडचं. तिथे हरिपूरला हळदीची पेवं होती, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं, दोन-तीन पुरुष खोल, तोंड लहान आणि पोट मोठं. आत माल भरायचा, तोंड दगडमातीने बंद करून टाकायचं. धान्याच्या पेवाचं गणित तर अगदी डूपच्या खड्ड्याचंच. धान्य स्वतः श्वास घेतं, त्यातले किडे श्वास घेतात, बंद जागेतला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड भरतो आणि किडे मरतात. वीज नाही, औषध नाही. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कोणी आत उडी मारत नसे, आधी हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा आणि तो विझला तर अजून थांबायचं. हरिपूरची बरीच पेवं 2005च्या महापुरात पाणी शिरून गेली. ते सांगताना आईचा निवडायचा हात थांबला, आणि मग "तुझ्या त्या लोकांना पुराचं भय नाही ना?" असं विचारून परत मेथीकडे वळली. (आहे. पाण्याची टाकी फुटली की आहेच.)

'रिमवर्ल्ड' या असल्याच दुसऱ्या गेममध्ये सरळ हिशोब आहे. साधं जेवण बाहेर 4 दिवस टिकतं, शून्याच्या खाली गोठवलं की टिकतच राहतं, म्हणून सगळे आधी एक खोली घेऊन तिला कूलर लावतात. कूलरची एक बाजू गार, दुसरी गरम, आणि तो उलटा बसवला की कोठाराची भट्टी होते. सगळं व्यवस्थित बसवलं तरी अधूनमधून सौरवादळ येतं आणि विजेवर चालणारं सगळं एकदम बंद. परदेशी खेळाडू यावर फार चिडतात. मला त्याचं काही वाटत नाही, पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट नाहीतर पाणी, एक काहीतरी जाणारच, आपण बुधवारीच फ्रीज रिकामा करत आणतो. म्हणून मी तिथे पेमिकन करून ठेवते, मांस आणि भाजीपाला मिळून होणारं, 70 दिवस बाहेर टिकणारं. गेमचं वर्ष 60 दिवसांचं, म्हणजे वर्षाची बेगमी झाली की.

बेगमीचं खातं आमच्याकडे आईचं. एप्रिल-मे म्हणजे गच्चीवर सांडगे-पापड, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुलिंबाचा पाला. आणि लोणचं. बरणी धुवून उन्हात कडकडीत वाळवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर ती पालथी धरायची. फोडी मीठ लावून ठेवल्या की पाणी सोडतात, ते मिठानेच बाहेर काढलेलं असतं. शेवटी तेल गरम करून पूर्ण गार करायचं आणि फोडींच्या वर बोटभर येईल इतकं ओतायचं, म्हणजे हवेला आत जायला वाव नाही. वर दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधायचा. पाणी काढा आणि हवा अडवा, डूपना मी माऊसने शिकवते तेच, फक्त इथे बोटं तिखटाने दिवसभर चुरचुरतात.

पण एक गोष्ट या गेमवाल्यांना कळलेलीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे वेळ फक्त नासवते. पदार्थ ताजा असतो आणि त्याचा ताजेपणाचा आकडा खाली खाली येत जातो, बस. रिमवर्ल्डमध्ये बिअर तेवढी पिंपात आंबते. मुरणं असा प्रकारच नाही. आपल्याकडे जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग, कारण नव्याचा भात गिच्च होतो. मुरांबा महिन्याने जास्त चांगला लागतो, लोणच्याची फोड तर आधी करकरीत आणि उग्र असते, मग हळूहळू मसाला आत जातो आणि ती नुसत्या वरणभाताला पुरते. कोणी मॉड, म्हणजे गेममध्ये खेळाडूंनीच घातलेली भर, बनवणारं वाचत असेल तर एवढं करा. बरणी, दादरा, मुरायचे दिवस, आणि मुरलेलं खाल्लं की डूपचा मूड वर. आणि हो, प्रत्येक वसाहतीत एक डूप असा हवाच जो आठव्या दिवशीच बरणी उघडतो, तेही ओल्या चमच्याने. नाव काय द्यायचं ते माझ्या भावाला विचारून सांगते.