शेवंडीची सावली आणि २७ वर्षांचा शाळकरी पोरगा

१९५९चा ‘टीनेजर्स फ्रॉम आऊटर स्पेस’ लावा आणि राक्षसाची वाट बघा. येते ती शेवंडीची, म्हणजे लॉब्स्टरची, सावली! किरण-बंदूक खेळण्यातली. तिचा किरण लागला की माणसाचा सांगाडा होतो, आणि दरवेळी तोच सांगाडा. पैसे नसताना माणूस काय काय शक्कल लढवतो, ते बघायलाच हे पिक्चर लावायचे. ‘द ब्लॉब’ (१९५८) जरा खात्यापित्या घरचा. पण त्यातला शाळकरी पोरगा स्टीव्ह मॅकक्वीन शूटिंगवेळी २७ वर्षांचा, आणि माणसं गिळणारा गोळा म्हणजे लाल रंगवलेलं सिलिकॉन.

सावलीची युक्ती बेळगावात टिळकवाडीतल्या गच्चीवरही जमते की. शेवंड महाग, खेकडा चालेल. टॉर्च एकाच छोट्या एलईडीचा हवा. ट्यूबलाइट रुंद असल्यानं तिच्या उजेडात सावलीच्या कडा विरतात. टॉर्चपासून खेकडा ३० सेंमीवर, भिंत २४० सेंमीवर ठेवा. सावली आठपट पडते, म्हणजे १० सेंमीचा खेकडा ८० सेंमीचा. नांगी हलवायला शिवणकामाचा बारीक दोरा बांधा, कारण दोऱ्याची सावलीही आठपट होते. सगळे फसतात ते पुढे: नट दिसावा म्हणून त्याच्यावर दिवा मारतात, भिंत उजळते आणि राक्षस गायब! दोन्ही शॉट वेगळे घ्या आणि एडिटिंगमध्ये एकावर एक चढवा.

मूळ ‘टीनेजर्स’ पिक्चर ८६ मिनिटांचा. खानापूरकडच्या पावसात पत्र्याखाली लावलात तर एक संवाद ऐकू येणार नाही. तसं काही बिघडत नाही म्हणा.