आमच्यानंतर याचं काय?

सोलापूरच्या पूर्व भागात मृत्युपत्राचा विषय काढला की घरातले लगेच, अभद्र बोलू नका. पण शेजारच्या काकांनी केलं. मुलगा चाळिशीचा, बौद्धिक अपंगत्व, वीसेक वर्षं एका संस्थेच्या कार्यशाळेत जातो. एफडीतला काही हिस्सा त्या संस्थेला, बाकी मुलीला, तिच्याशी बोलूनच हां.

मला वाटायचं लोक पुण्यासाठी देतात, पण काकू म्हणाल्या, "पुण्य कसलं, लग्नकार्यात लोक याला कोपऱ्यात बसवायचे, संस्थेत पहिल्यांदा याला नावानं हाक मारली." आणि जिवंतपणी मोठी रक्कम देणार कुठून, औषधं, म्हातारपण, सगळं पुढ्यात, मृत्युपत्रात आज खिशातून काही जात नाही, मन बदललं तर बदलताही येतं.

पण संस्थेला पैसे दिले म्हणजे मुलाची सोय झाली असं नाही, हे लोक विसरतात! पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे वेगळा अर्ज लागतो, तो काकांनी आधीच केला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी काकांनी केलीच. भावकी मोठी आहे ना.