तीन वाकलेल्या पिना

मी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात पीसी असेंबलिंग बघतो. मागच्या शनिवारी नालासोपाऱ्याहून बापलेक आले, वडिलांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला कॅबिनेट आणि पोराच्या हातात रुमालात प्रोसेसर. रुमाल बघूनच पोटात गोळा आला.

झालेलं असं की व्हॅलोरंट गेम अडकतो म्हणून एका ठिकाणी दाखवलं, तिथे सांगितलं मदरबोर्ड, रॅम सगळंच बदला, पन्नास हजारांच्या वर जाईल. मग पोराने घरीच कूलर ओढला आणि त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून आला. एएम४ मध्ये, म्हणजे एएमडीच्या ह्या सॉकेटच्या प्रोसेसरांत, होतं असं, कूलरखालची पेस्ट सुकून घट्ट बसते आणि पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून आधी गेम लावून गरम करायचा आणि मग कूलर हळूहळू फिरवत सोडवायचा.

प्रोसेसर रायझन ५ २६००, भिंगाखाली तीन पिना आडव्या. पोरगा म्हणाला, "दादा, राहू दे ना, नवीनच घालायचाय." पण ह्याच बी४५० बोर्डवर नवीन रायझन ५ ५६०० चालवायचा तर आधी बायोस (बोर्डमधलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट लागतो, बोर्डला प्रोसेसरशिवाय बायोस टाकायची सोय नव्हती आणि दुकानात त्या दिवशी जुना एएम४ प्रोसेसर एकही नव्हता. म्हणजे हाच जिवंत करायला हवा.

पेनपेन्सिलमधलं शिसं काढलं, पुढची नळी पिनेवर बसवली आणि श्वास रोखून केसाएवढं केसाएवढं सरळ करत गेलो, दोन लगेच आल्या, तिसरीला वीस मिनिटं. वडील तोवर एक शब्द बोलले नाहीत. डिस्प्ले आला तेव्हा त्यांनीच माझा हात धरला.

मग गेम लावून दाखवला. १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं बसलेलं, कारण प्रोसेसरच पुरत नव्हता, गेममध्ये धूर पडला की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) धाडकन खाली. वडिलांनी नेमकं विचारलं, "भाऊ, कोर दोन्हीत सहाच, मग पैसे कशाचे?" म्हटलं काका, जुन्यात १६ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी, आहे पण दोन खोल्यांत, ८-८, तीन-तीन कोर वेगळे, पलीकडचं काही लागलं की फेरा पडतो. ५६०० मध्ये भिंत पाडून एकच ३२ एमबीचा हॉल, शिवाय प्रत्येक कोरच वेगवान. पोराला ९६ एमबीवाला ५७००एक्स३डी हवा होता, पण ह्या कार्डावर तो घेण्यात अर्थ नाही, ते पैसे पुढे कार्डात घाल म्हटलं. इंटेलचा आय५ १२४००एफही चांगला आहे, पण मग बोर्ड बदला.

यूपीएसवर लावून बायोस टाकला, ५६०० बसवला, एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग, चालू केलं (३२००ची रॅम इतके दिवस २१३३वरच चालत होती, हे तर फुकटात होण्यासारखं होतं). त्याच मॅपवर एफपीएस दोनशेच्या खाली येईना, पोरगा नुसता स्क्रीनकडे बघत उभा.

जुना २६०० नवीनच्या प्लास्टिक डबीत घालून दिला. वडिलांनी डबी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, म्हणाले पुतण्याच्या पीसीला लावू.