जावई का नाही आले?

ठाण्याला आले की नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पहिला प्रश्न हाच असतो. पूर्वी रजा नाही, तिकिटं महाग असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. हल्ली खरं ते सांगते: कोंबड्यांना कोण बघणार?

ओहायोत कोलंबसच्या बाहेर आमचं घर आहे आणि मागे वीसेक गुंठ्यांचं परसदार. त्यात भाजीचे वाफे, एक खुराडं आणि लेकीचे ससे. हाताखाली गडीमाणूस नाही आणि शेजाऱ्यांना एखाददुसऱ्या दिवसापुरतंच सांगता येतं. थंडीत कोंबड्यांचं पिण्याचं पाणी गोठतं, ते सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं. त्यामुळे आम्ही आळीपाळीने येतो. त्यातही मी फेब्रुवारीत येते आणि मार्च अर्धा संपायच्या आत पळते. आईला हे अजिबात पटत नाही. "पाडव्याला थांब की," ती दरवर्षी म्हणते. पण पाडव्याच्या आसपासच तिकडची खरी धांदल सुरू होते.

इकडे येऊरला काटेसावर फुललीय, आंबे मोहरलेत. आणि नवऱ्याने काल पाठवलेल्या फोटोत वाफे कुठले आणि वाट कुठली तेच कळत नाही, सगळं पांढरं. तिकडच्या बागेचं पंचांग एकाच तारखेवर चालतं: शेवटचा फ्रॉस्ट कधी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते ना, तोच प्रकार. आपल्याकडे लोक तो बघायला गाड्या काढून जातात. आमच्याकडे तो एप्रिलअखेर, कधीकधी मेमध्येही एका रात्रीत टोमॅटोची सगळी रोपं काळी करून जातो. म्हणून तिकडच्या जुन्या लोकांचा नियम असा की मदर्स डे, म्हणजे मेचा दुसरा रविवार, उलटल्याशिवाय टोमॅटो-मिरची बाहेर लावायची नाही. पण तोवर बी टाकायलाच थांबलात तर फळ धरेपर्यंत पुन्हा थंडी. म्हणून सहा ते आठ आठवडे आधी, मार्चच्या मध्यावर, तळघरात दिव्यांखाली ट्रेमध्ये बी पेरायचं. माझं परतीचं तिकीट ठरतं ते यावरून. मटार आणि कांद्याला थंडीचं काही वाटत नाही, ते मार्चअखेर थेट वाफ्यात जातात. लसूण तर ऑक्टोबरातच लावून पेंढ्याखाली झाकलेला असतो. आणि तळघरातली रोपं एकदम बाहेर नेली तर मान टाकतात. बाळाला कोवळं ऊन देतात तसं त्यांना आधी तासभर, मग दोन तास असं आठवडाभर आत-बाहेर करावं लागतं. हे काम लेक करते आणि त्याचे पैसे मागते.

आईच्या शेजारच्या काकू चेंदणी कोळीवाड्यातल्या. मजल्यावर कोंबड्यांतलं कळणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्यांचा प्रश्न ठरलेला: कोंबडा नाही तर अंडी कशी? आमच्या गावच्या नियमात कोंबड्या चालतात, कोंबड्याला बंदी आहे, आवाज होतो म्हणून. (कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे ज्यांनी गावाचे नियम केले त्यांना आधीच ठाऊक असावं.) अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. हे सांगितलं की शिकलीसवरलेली माणसंही माझ्याकडे संशयाने बघतात. काकूंनी तो प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "खुडूक झाली की काय करतेस?"

खुडूक कोंबडी म्हणजे फुगून बसलेली, हात लावला तर टोचणारी, अंडी द्यायचं बंद करून उबवायच्या ध्यासाला लागलेली. काकूंकडे तिला पाण्यात बुचकळून काढायचे. आम्ही तिला खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवस टांगून ठेवतो, म्हणजे पोटाला गार वारा लागतो आणि खूळ उतरतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकच झालं. पोट गार केलंस." मग त्यांना आमच्या पिल्लांचं सांगितलं, ते मात्र त्यांना पटेना.

आमची पिल्लं पोस्टाने येतात. हो, पार्सलने. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं न्यायला सुरुवात केली. अंड्यातून बाहेर पडायच्या जरा आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढतं, म्हणून हे जमतं. पहाटे पोस्टातून फोन येतो आणि पलीकडे बोलणाऱ्याच्या आवाजामागे चिवचिवाट ऐकू येतो. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घरी आणायचा आणि एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाणी कुठे आहे ते दाखवायचं. मग पहिला आठवडा दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअस ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. "३५?" काकू म्हणाल्या, "मार्चात आमच्या गच्चीवर ठेव, दिवा कशाला!" खरंच आहे. ठाण्यात दुपारी जी ऊब फुकट मिळते, तिचं आम्हाला विजेचं बिल येतं.

उजेडाचंही तसंच. ठाण्याचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठा सव्वातेरा तासांचा. कोलंबसला डिसेंबरात उजेड जेमतेम साडेनऊ तास, जूनमध्ये पंधरा. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा-एक तास उजेड लागतो. त्यामुळे हिवाळ्यात आमचं खुराडं जवळजवळ संपावर असतं. काही जण आत दिवा लावतात, आम्ही लावत नाही. बसू देत निवांत. मार्च उजाडला की मात्र अंडी ठेवायला जागा पुरत नाही. ईस्टर आणि अंडी यांचा संबंध त्यातूनच आला: आधीच्या उपासात अंडी वर्ज्य, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोंबड्या जोरात.

घरची अंडी स्वस्त पडतात का, हा काकांचा प्रश्न. नाही पडत. मार्च २०२५ मध्ये बर्ड फ्लूमुळे तिकडे डझनाची सरासरी किंमत ६.२३ डॉलर झाली होती, म्हणजे पाचशे रुपयांच्या वर. तेव्हा लोक पिल्लांसाठी रांगा लावत होते. पण खुराड्याचं लाकूड, खाद्य आणि मुख्य म्हणजे जाळी यांचा खर्च धरला तर दुकानातलीच अंडी परवडतात. जाळी साधी चालत नाही. साध्या जाळीने कोंबडी आत राहते, रॅकून बाहेर राहत नाही. येऊरला बिबट्या तसा आमच्याकडे हा तोंडावर काळा पट्टा असलेला चोर. त्याचे पुढचे पंजे हातांसारखे चालतात, साधी कडी तो उघडतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड तारेची जाळी आणि दुहेरी कडी, याला पर्याय नाही.

लेकीचे ससे फोर-एचमधले. खेड्यापाड्यातल्या मुलांसाठीची ही चळवळ १९०२ साली ओहायोतच, आमच्यापासून तासाभरावर स्प्रिंगफील्डला सुरू झाली. मुलं जनावर वाढवतात, वहीत खर्च लिहितात आणि उन्हाळ्यात जत्रेत आणून दाखवतात. डुकरं, बोकड वाढवणारी मुलं ती तिथेच लिलावात विकतात. व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, "विकतात म्हणजे? खायला?" लेक शांतपणे हो म्हणाली आणि भाव सांगू लागली. आईने फोन माझ्या हातात दिला.

परवा काकूंनी पडवळाच्या बियांची पुडी आणून दिली, त्यांच्या गावाकडच्या. नेता येत नाही म्हटलं तर त्यांना खोटं वाटलं. बियाण्याला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र किंवा आधी काढलेला परवाना लागतो, आणि विमानतळावर तुम्ही गुराकोंबड्यांजवळ गेला होतात का तेही विचारतात. २०२२ मध्ये शहापूरजवळ वेहळोलीला बर्ड फ्लू निघाल्यापासून मी इकडे कुणाच्या खुराड्याजवळही जात नाही. चपलेला लागून घरी काय जाईल सांगता येत नाही. काकू जरा फुरंगटल्या. मग त्यांनीच ती पुडी फोडून आईच्या गॅलरीतल्या कुंडीत बिया टोचल्या. आता वेलाला मांडव लागणार, आणि तो ग्रिलबाहेर काढू द्यायचा की नाही हा विषय रविवारच्या सोसायटी मीटिंगला आहे.