आजाऱ्याची भेट आणि मनापासूनची प्रीती

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (1:22) एकमेकांवर मनापासून प्रीती करा असं सांगितलंय, तीही निर्दंभ. दिखावा शिरतो तो बहुधा आजाऱ्याच्या भेटीत. चर्चमधली उपासना सुटली की आठ-दहाजण एकदम घरात, लांबलचक प्रार्थना, आणि आजारी माणूस बसून बसून थकतो. दोघांनीच जावं, आधी फोन करून. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी 10च्या आत. पथ्य विचारूनच डबा न्यावा: ज्वारीची मऊ भाकरी, पातळ भाजी. 20 मिनिटं पुरतात. दुखणं चर्चच्या मंडळीत सांगायचं तर परवानगी हवीच, इथंच फार मनं दुखावतात! "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कोणी सांगत नाही. त्यापेक्षा विचारा, "नळाला पाणी येईल त्या दिवशी भरायला येऊ का?"