बाबांचे घोरणे आणि आईचे पित्त

आमच्या घरी बाबांच्या घोरण्याची थट्टा पाहुण्यांसमोरही होत असे. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो आणि मग आचका देऊन सुरू होतो, हे आईनेच हेरले, म्हणून त्यांच्या स्लीप ॲप्नियाचे निदान वेळेत झाले. आईचे निदान मात्र त्यानंतर सहा वर्षांनी झाले. सकाळी दुखणारे डोके पित्ताच्या, रात्री दोनला उघडणारे डोळे काळजीच्या आणि दिवसभराचा शीण पाळी गेल्याच्या खाती आम्ही परस्पर जमा करून मोकळे झालो होतो.

या विकारात घशातील श्वासमार्ग झोपेत मिटतो आणि श्वास किमान १० सेकंद बंद पडतो किंवा उथळ होतो. मोठे घोरणे आणि दिवसा डुलक्या हे त्याचे सर्वपरिचित रूप प्रामुख्याने पुरुषांचे आहे. स्त्रियांमध्ये निद्रानाश, थकवा, डोकेदुखी आणि उदासपणा अधिक आढळतो. शिवाय श्वासाचे अडथळे बरेचदा स्वप्नांच्या झोपेत एकवटत असल्याने रात्रभराची सरासरी फसवी, सौम्य दिसते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ३० ते ६० वर्षे वयाच्या ६०२ नोकरदारांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तासाला ५ किंवा अधिक अडथळे २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत सापडले, म्हणजे प्रमाण तिनास एकापेक्षाही कमी. निद्राविकारांच्या दवाखान्यांत मात्र तेव्हा आठ-दहा पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री पोहोचत असे. हा फरक केवळ शरीराचा नाही, हे उघड आहे.

शरीराचाही वाटा आहेच. पुरुषांच्या मानेभोवती चरबी अधिक साठते, तर श्वसनाला चालना देणारे प्रोजेस्टेरॉन रजोनिवृत्तीनंतर घटते आणि स्त्रियांचा धोका वाढतो. तरीही या विकाराचा धोका जोखणाऱ्या ‘स्टॉप-बँग’ या प्रचलित प्रश्नावलीत पुरुष असण्याला एक गुण मिळतो. आईचा तो गुण जन्मतःच हुकलेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना विचारले, की या घोरतात का? बाबांनी प्रामाणिकपणे सांगितले, “मी श्वासाचे मशीन लावून गाढ झोपतो, मला काय कळणार?” मग चार रात्री मी आईच्या उशाशी मोबाइल ठेवून आवाज टिपला.